पावसात लाकूड फुगतंच

नंदिनी मुणगेकर तापट आहे असं तिच्या ओळखीतलं कुणी म्हटलं नसतं. न्हावा शेवा बंदरावर आयात माल सोडवून देणाऱ्या एका एजंटच्या ऑफिसात ती वीसेक वर्षं नोकरी करत होती. त्या धंद्यात आवाज चढवल्याशिवाय काम होत नाही अशी सगळ्यांची समजूत. ट्रेलरचे ड्रायव्हर ओरडतात, गोदामवाले ओरडतात, कंटेनर अडकला की मालाचा मालक दिल्लीहून फोनवर ओरडतो. असा फोन आला की ऑफिसातली पोरं तो नंदिनीकडे सरकवायची. ती समोरच्याला पोटभर ओरडू द्यायची आणि तो दमला की म्हणायची, "झालं? आता मी सांगते ते लिहून घ्या." तिचा स्वतःचा आवाज वर गेलेला कुणी ऐकला नव्हता.

तो वर गेला एका दरवाज्यापायी.

द्रोणागिरीत मुणगेकरांनी रो-हाऊस घेतलं ते तिच्याच हट्टाने. तिला ऑफिस जवळ, आणि तिच्या वडिलांना जिने चढायला नकोत. आई गेल्यापासून जयप्रकाश, म्हणजे तिचे बाबा, लेकीकडेच राहायला होते. उभी नोकरी त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली होती आणि बोलायची हौस काही त्यांच्याबरोबर रिटायर झाली नव्हती. सकाळी पेपर हातात आला की बातमी मोठ्याने वाचायची, मग त्यावर आपलं मत सांगायचं, मग त्या मतावर आपणच शंका काढायची. जावई अभय चहा पिता पिता "हो, हो" करत राहायचा. अभय बेलापूरला एका बँकेत होता. शांत माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याचं एकच होतं. कुठलंही काम त्याच्याकडे गेलं की तो "बघू या रविवारी" म्हणायचा, आणि तो रविवार काही उजाडायचा नाही.

घराचं तोंड पश्चिमेला. समोर अजून बिल्डिंगा उठलेल्या नव्हत्या, त्यामुळे पावसाळ्यात समुद्रावरचा खारा वारा आणि आडवा पाऊस थेट दारावर येऊन आपटायचा. दारावरचा छज्जा नावापुरता, जेमतेम हातभर. बिल्डरने लावून दिलेला दरवाजा मात्र दिसायला झकास होता. तपकिरी पॉलिश, पितळी रंगाचं हँडल, वर गणपती चिकटवायला बरोबर मधोमध चौकोन. पहिल्या पावसाळ्यात तो चौकटीला घासू लागला. दुसऱ्या पावसाळ्यात तो ढकलायला खांदा लावावा लागला.

नंदिनीने अभयला सांगितलं. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. बिल्डरच्या ऑफिसात फोन केला. सगळीकडून एकच उत्तर आलं: "पावसात लाकूड फुगतंच." समोरच्या नमिताने तर हसून सांगितलं, "अगं, आमचं पण फुगतं. लाथ मारायची." मग दिवाळीच्या सुमाराला ऊन खाऊन दार आपोआप सैल व्हायचं आणि तो विषयही त्याच्याबरोबर सैल पडायचा.

तिसऱ्या वर्षी जुलैत, एका दुपारी, नंदिनी डबा उघडून बसली होती तेव्हा बाबांचा फोन आला.

"नंदू," ते म्हणाले, "हात... माझा हात येत नाय गं बरोबर."

एवढा स्पष्ट बोलणारा माणूस, आणि शब्द जिभेवरून घसरत होते. तिने डबा तसाच टाकला. आधी अॅम्ब्युलन्सला फोन केला, मग नमिताला. नमिताकडे घराची जादा किल्ली असायची. "तू आत जा, त्यांच्याजवळ बस, मी निघाले," म्हणत तिने रिक्षा गाठली, आणि फोन बंद न करता कानालाच धरून ठेवला.

म्हणून तिला सगळं ऐकू आलं. किल्ली फिरल्याचा आवाज. कुलूप उघडलं. मग नमिताचा आवाज, "काका, आले हं मी!" मग एक धक्का. दुसरा धक्का. मग नमिता म्हणाली, "नंदिनी, उघडत नाहीये गं."

"लाथ मार."

"मारतेय!"

खिडक्यांना सगळीकडे ग्रिल. मागचं दार चोरांच्या भीतीने आतून कडी घालून बंद. रिक्षा बंदराच्या रस्त्यावर ट्रेलरांच्या रांगेमागे अडकली होती आणि नंदिनी फोनमधून आपल्या घराच्या दारावर बसणारे धक्के ऐकत होती. मधूनच आतून बाबा काहीतरी म्हणत होते. शब्द कळत नव्हते. मग ते म्हणेनासे झाले.

अॅम्ब्युलन्स येऊन उभी राहिली, तिच्या माणसांनाही दार हलेना. शेवटी पाण्याचे जार पोचवणारा जानू टेम्पो घेऊन गल्लीत आला. जवळच्याच खाडीकाठच्या गावातला माणूस, रोजच्या येण्याजाण्यातला. त्याने टायर काढायची टॉमी आणली आणि बिजागरीच्या बाजूने दाराला घातली. दाराचा वरचा पापुद्रा पुठ्ठ्यासारखा फाटला, पण दार जागचं हललं नाही. फाटत राहिलं, सोलत राहिलं, पण चौकटीला धरून बसलं. जानूने खालचा अर्धा भाग लाथांनी फोडला आणि तो रांगत आत शिरला. बाबा सोफ्याशी पडले होते. एक चप्पल पायात होती, एक दाराजवळ. म्हणजे ते दारापर्यंत येऊन गेले होते.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, "मेंदूचा झटका होता. अजून थोडं लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं." त्यांनी ते कुणाला दोष द्यायला म्हटलं नव्हतं. पण नंदिनीने ते वाक्य उचललं आणि ठेवून घेतलं.

बाबा वाचले. उजवा हात गेला, पाय ओढत का होईना ते चालू लागले, आणि बोलणं गेलं. सगळं कळायचं, चेहऱ्यावर दिसायचं, पण तोंड उघडलं की शब्द सापडायचा नाही. आठवड्याभराने एक सापडला. नर्सने सुई टोचली तेव्हा ते अगदी स्वच्छ म्हणाले, "च्यायला!" आयुष्यात ज्या माणसाने घरात कधी अपशब्द काढला नव्हता, त्याच्याकडे एवढा एकच उरला होता. डॉक्टरांनी समजावलं की असले शब्द मेंदूत दुसरीकडे राहतात, ते बऱ्याचदा वाचतात. अभयला हसू आलं. नंदिनी कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

घरी आली तेव्हा चौकटीला प्लायवूड ठोकलेलं होतं आणि जुना दरवाजा बाहेर भिंतीला टेकवून पडला होता. तिने तो आडवा करून पाहिला. वरच्या आणि खालच्या कडेला रंगाचा एक थेंब नव्हता. जिथं डोळा पोचतो तिथं पॉलिश, बाकी सगळं उघडं. खालच्या कडेतून तीन पावसाळे पाणी पीत पीत आतलं भुसकट काळं पडलं होतं, बोटाने उकरलं तर ओल्या ब्रेडसारखं निघत होतं. आतमध्ये लाकूड म्हणावं असं काही नव्हतंच. फळकुटांचे तुकडे आणि दाबलेला भुसा.

त्यातला एक मोठा तुकडा पिशवीत घालून ती बिल्डरच्या ऑफिसात गेली. काउंटरवरच्या पोराने तिचं सगळं ऐकून घेतलं. "मॅडम, मेंटेनन्सचा पिरियड संपला ना," तो म्हणाला, "आणि खरं सांगू का, पावसात लाकूड फुगतंच."

नंदिनीने पिशवी त्याच्या टेबलावर उलटी केली. काळा भुसा कीबोर्डवर सांडला.

"हे लाकूड आहे?" तिचा आवाज काचेच्या पलीकडच्या केबिनपर्यंत गेला. "हात लाव. हात लावून सांग मला, हे लाकूड आहे का? माझे वडील आत पडले होते आणि बाहेर माणसं तुझ्या या कचऱ्याशी मारामारी करत होती. फुगतंच काय? कुणाला शिकवतोस फुगतंच?"

केबिनमधून दोघं बाहेर आले, तिला पाणी दिलं, "बघतो, कळवतो" म्हणाले. तिने पाण्याला हात लावला नाही.

घरी अभयने सांगितलं की सोसायटीच्या कॉन्ट्रॅक्टरला बोलून ठेवलंय, दोन दिवसांत तसंच दुसरं दार बसेल. तात्पुरतं.

"तसंच?" नंदिनी म्हणाली.

"अगं, तात्पुरतं."

"तुझं सगळं आयुष्य तात्पुरतं आहे, अभय. या घरात तसलं दार पुन्हा आलं तर मी ते गल्लीत जाळीन."

मग सुरू झालं लाकूड शोधणं. सगळ्यांनी सल्ले दिले. कुणी म्हणे लोखंडी घ्या, कुणी म्हणे फायबरचं. लोखंड तिला नको होतं. त्या वाऱ्यात ग्रिलचं काय झालं होतं ते ती रोज बघत होती, दरवर्षी रंग आणि दरवर्षी गंज. प्लास्टिकसारख्या कशावर तिचा विश्वास उरला नव्हता. तिला खरं लाकूड हवं होतं, आरपार एकाच जातीचं, जे कापलं तर आत तेच निघेल. आणि लाकडाच्या बाबतीत आपल्याला कुणी फसवू शकणार नाही असं तिला मनापासून वाटत होतं, कारण परदेशी लाकडाचे कंटेनर तिच्याच हाताखालून जायचे. कुठल्या देशाचं, कुठल्या जातीचं, कुठल्या बंदरातून निघालं, सगळं तिला पाठ.

पनवेलजवळच्या एका वखारीत मालकाने फळीवर थाप मारली. "बर्मा टीक. एकदम ओरिजिनल."

"कुठे उतरला माल?" नंदिनीने विचारलं.

"न्हावा शेवा."

"कधी?"

"मागच्याच महिन्यात."

"बर्मातून अख्खे ओंडके बाहेर पाठवणं कधीच बंद झालंय. तुमच्यासाठी मागच्या महिन्यात उघडलं वाटतं?"

मालक तिच्याकडे न बघता अभयकडे वळला. "साहेब, तुम्ही बघा ना जरा. लेडीज लोकांना यातलं..."

पुढचं तो बोलू शकला नाही. नंदिनीने त्याला त्याच्याच गिऱ्हाइकांसमोर, त्याच्याच हमालांसमोर असं काही सोलून काढलं की करवतीवरच्या माणसानेही मशीन बंद केलं. परतताना अभयने गाडीत रेडिओ लावला. तिला आपल्या ओरडण्याचं वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं, बऱ्याच दिवसांनी.

शेवटी तिने ऑफिसच्या ओळखीतल्या एका आयात करणाऱ्याकडून घानाच्या सागाच्या फळ्या उचलल्या. कागदपत्रं चोख, शिक्के जागच्या जागी. गोटीराम नावाच्या सुताराने फळ्या उतरवून घेतल्या. पन्नाशीचा, हडकुळा, कमी बोलणारा. त्याने फळीवर अंगठा दाबला, वास घेतला, फळी उलटी करून कडेचा फिका पट्टा बघितला, आणि नंदिनीकडे बघितलं.

"काय?" ती म्हणाली. "अस्सल साग आहे. पेपर बघायचे आहेत?"

"नाय, तसं काय नाय."

"मग लागा कामाला. त्या प्लायवूडच्या मागे मला एक दिवस जास्त राहायचं नाही."

गोटीराम कामाला लागला. ऑगस्ट संपायच्या आत दार उभं राहिलं. भक्कम, जड, सोनेरी. नंदिनीने त्याचा फोटो बिल्डरच्या ऑफिसला पाठवला, खाली काहीच न लिहिता.

ऑक्टोबरचं ऊन पडलं आणि दाराने अंग वळवायला सुरुवात केली. आधी वरचा कोपरा चौकटीतून थोडा बाहेर आला. मग कडी बसेना. मग फळ्यांच्या जोडात फट पडली आणि संध्याकाळी त्या फटीतून उन्हाची एक तिरीप थेट बाबांच्या खुर्चीवर येऊन पडू लागली. बाबा त्या तिरिपेकडे बोट दाखवायचे आणि आपला एकुलता एक शब्द म्हणायचे.

नंदिनीने गोटीरामला बोलावून घेतलं. "हे काय आहे?"

गोटीरामने दारावरून हात फिरवला. "कच्चं होतं ताई. ओलं होतं. आणि कोवळं झाड, कडेचं पांढरं लई आलंय त्यात. गाभा कमी. आता सुकतंय, तर वाकणारच."

"तुम्हाला हे आत्ता कळतंय?"

त्याने दाराचा बाहेर आलेला कोपरा अंगठ्याने दाबून बघितला.

"गोटीराम, मी विचारतेय. तेव्हाच कळलं होतं?"

"हां," तो म्हणाला. "फळी उतरवली तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी बोलू देत होता का?" त्याचाही आवाज आता चढला. "वखारीत तुमी त्या मालकाचं काय केलं ते साहेबांनी सांगितलं. म्हटलं, आपण कशाला तोंड घालायचं? तुमी म्हणाला लागा कामाला, मी लागलो."

"म्हणजे चूक माझी?"

"माझी पण हाय. पण मी घाबरलो, ते खरं हाय."

तिने त्याला जायला सांगितलं. सांगितलं म्हणजे हाकललंच. तो हत्यारं गोळा करून गेला आणि ती त्या वाकड्या दारासमोर उभी राहिली. राग कुणावर काढायचा ते तिला कळेना. कागद खरे होते. साग खराच होता. घाई तिने केली होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिच्या लक्षात आलं की पोरं तिच्या टेबलावर कागद ठेवतात आणि लगेच मागे सरकतात. पूर्वी तिच्या डब्यातली भाजी न विचारता पळवणारी पोरं. कधीपासून हे चाललंय, तिला आठवेना. संध्याकाळी तिने अभयला सरळ विचारलं, "तू पण घाबरतोस मला?"

"हो," अभय म्हणाला. मग म्हणाला, "मी रोज संध्याकाळी त्या दाराला खांदा लावून आत यायचो, नंदिनी. एकदा डोक्यात आलं होतं, बाबांना हे जमणार नाही. खरंच आलं होतं. म्हटलं, रविवारी बघू."

तो कधीतरी हे कबूल करेल आणि मग आपला राग उतरेल असं तिला वाटत आलं होतं. त्याने कबूल केलं आणि राग होता तिथेच राहिला. फक्त आता त्यात तिचाही वाटा दिसू लागला. बिल्डरच्या टेबलावर पिशवी उलटी करायला ती बाबा पडल्यावर गेली. आधी दोन पावसाळे नुसते फोन केले, तेही गोड आवाजात.

"तुला मी माफ केलेलं नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"आणि मलाही नाही. उद्या गोटीरामला घेऊन ये. तू जा, मी गेले तर तो मागच्या दाराने पळेल."

गोटीराम आला, पण उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. नंदिनी म्हणाली, "मी ओरडेन. ते आता थांबेल असं मला वाटत नाही. पण मी ओरडले तरी तुम्ही बोलायचं. ओरडणं माझं, बोलणं तुमचं. जमेल?"

"प्रयत्न करतो," गोटीराम म्हणाला.

त्याच सुमाराला जार ठेवायला आलेला जानू ते वाकडं दार बघून थबकला. "ताई, नवीन लाकूड कशाला घेता? आमच्या गावचा मिठाचा जुना गोदाम पाडला ना. त्याच्या तुळया सागाच्या हायेत. कलंबोलीला गेल्या इकायला. खारं पानी नि खारा वारा खाऊन उभ्या होत्या, कोनी रंग सुदीक लावला नव्हता त्यांना."

कळंबोलीच्या लोखंडबाजारामागे पाडलेल्या इमारतींचं सामान विकणाऱ्यांच्या मोकळ्या जागा आहेत. खिडक्या, गज, संडासाची भांडी, सगळं उघड्यावर. बाबांना घरी एकटं ठेवायचं नाही हे आता ठरलेलं, म्हणून तेही गाडीत पुढे बसून आले. गोदामाच्या तुळया एका कोपऱ्यात रचलेल्या होत्या, काळ्या, धुळीने माखलेल्या, खिळ्यांनी भरलेल्या. दुकानदाराने त्यातली एक आधीच घासूनपुसून पुढे मांडली होती. "हीच घ्या मॅडम. असा माल परत दिसणार नाही."

गोटीरामला ती आवडली. सरळ, लांब, एकही गाठ नाही.

"ती पुढे का काढून ठेवलीय?" नंदिनी म्हणाली. "मला मागची बघायचीय. ती खिळेवाली."

"ती वाकडी हाय ताई. कापताना माझी करवत मोडेल."

"मोडू दे."

"तुमची नाय ना मोडणार!" गोटीराम एकदम बोलून गेला.

दोघंही ओरडू लागले. ती म्हणत होती, चकाचक माल बघून मी एकदा फसलेय. तो म्हणत होता, म्हणून काय मुद्दाम भंगार उचलायचं का? दुकानदार दोघांकडे आळीपाळीने बघत होता. गाडीतून बाबा खणखणीत म्हणाले, "च्यायला!" आणि क्षणभर सगळेच थांबले.

मग गोटीरामनेच तोडगा काढला. दोन्ही तुळयांच्या टोकाचा एकेक तुकडा कापून बघायचा. दुकानदार कुरकुरला, पण कापू दिला. पुढच्या तुळईचं टोक आतून पोकरलेलं निघालं. वाळवीने बाहेरचं कवच तेवढं ठेवलं होतं. मागच्या खिळेवालीचा तुकडा पडला तो दगडासारखा वाजला. ताज्या कापावर गडद सोनेरी-तपकिरी रंग, वर्षांची बारीक बारीक वलयं, पांढरा पट्टा कुठेच नाही, आणि हाताला किंचित तेलकट. एवढी वर्षं वाळलेल्या लाकडातून अजून चामड्यासारखा वास येत होता. नंदिनीने तो तुकडा गाडीच्या खिडकीतून बाबांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी तो नाकाशी धरला आणि खाली ठेवलाच नाही.

"हीच," ती म्हणाली.

"हीच," गोटीराम म्हणाला. "करवत तुमच्या नावावर."

या वेळी ती थांबली. चिरलेल्या फळ्या घरात आडव्या रचून, मध्ये पट्ट्या घालून ठेवल्या. मीठ खाल्लेलं लाकूड घरातल्या हवेला सरावू दे, असं गोटीराम म्हणाला आणि तिने वाद घातला नाही. तोवर वाकडं दार दोरीने बांधून चालवलं. गोटीरामने एकेक खिळा उपसून भोकं लाकडानेच बुजवली. दाराच्या सहाही बाजूंना, वर, खाली, बिजागरीच्या आत, जिथं कुणी कधी बघणार नाही तिथंही, जवसाच्या तेलाचे हात दिले. खालच्या कडेला नंदिनीने स्वतः दिले, जमिनीवर आडवी पडून.

छज्जा वाढवायचा तर सोसायटी आडवी आली. सेक्रेटरी ऋषी चांगला मुलगा, पण नियमावर बोट ठेवणारा. मीटिंगमध्ये म्हणाला, "काकू, सगळ्या घरांचं एलिव्हेशन बाहेरून सारखं दिसायला हवं."

"सारखं आहेच," नंदिनी म्हणाली. "सगळ्यांच्या दारात सारखाच भुसा आहे. सगळ्यांच्या घरात दुपारी एकटं कुणीतरी म्हातारं आहे. तुझी आजी कुठल्या खोलीत झोपते, ऋषी? तिला तुमचं दार उघडता येतं का, आज घरी जाऊन विचार. आणि मग मला एलिव्हेशन सांग."

मीटिंग तिथेच थंडावली. ऋषीने घरी जाऊन खरंच विचारलं असावं, कारण दोनच दिवसांनी त्याने छज्ज्याची परवानगी आणून दिली आणि गोटीरामचा नंबर मागितला. नमितानेही मागितला. लाथ मारायचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

पुढचा पावसाळा नेहमीसारखाच आडवा आला. नवं दार काळसर, साधं, बुजवलेल्या खिळ्यांच्या भोकांनी ठिपक्याठिपक्याचं. बघणाऱ्याला जुनाट वाटेल असं. ते घासलं नाही, वाकलं नाही. बाबा डाव्या हाताने ते उघडतात, बाहेर छज्ज्याखाली खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आपला शब्द ऐकवतात. हल्ली त्याच्या जोडीला "बस" आणि "नंदू" हे दोन आलेत. पेपर आता अभय मोठ्याने वाचतो. नीट वाचता येत नाही त्याला, मत तर अजिबात देता येत नाही, पण रोज वाचतो, रविवार धरून.

नंदिनीचा राग गेला का, असं नमिताने एकदा विचारलं. नंदिनी म्हणाली, "जायचं काय त्यात? बाबांचं बोलणं परत आलंय का?"

ऑफिसात ती पुन्हा शांतपणे फोन घेते. पोरं पुन्हा तिच्या डब्यात हात घालतात. पण गल्लीतल्या बाकीच्या घरांकडून सह्या घेऊन तिने बिल्डरविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. त्याच्या वकिलाने उत्तरात हवामानाचं कारण दिलंय. पुढच्या सोमवारी तारीख आहे. तिने रजा टाकली आहे, आणि तिच्याबरोबर यायचं म्हणून अभयनेही.